गेटाकडचा बाण

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी नेमकं काय काम करते हे सासूबाईंना सांगणं मला जमलेलं नाही. "पत्रा साच्यात दाबला की कुठे ताणला जाईल, कुठे पातळ होईल, कुठे फाटेल, हे मी आधी कॉम्प्युटरवर काढते," असं मी म्हणते. त्यावर त्या म्हणतात, "एवढं करण्यापेक्षा दाबून बघायचा. फाटला तर फाटला." अंबडच्या एमआयडीसीतले निम्मे कारखानदार याच मताचे आहेत, त्यामुळे सासूबाईंवर रागावण्यात अर्थ नाही.

आमचे शेठ मात्र उरलेल्या निम्म्यांतले. मूळचे पिंपळगाव बसवंतचे. घरची द्राक्षबाग धाकटा भाऊ बघतो आणि हे नाशकात प्रेस शॉप, म्हणजे साच्यात पत्रा दाबून भाग काढायचा कारखाना, चालवतात. सुरुवातीला माझ्या कामाला ते 'मॅडमचा व्हिडिओ गेम' म्हणायचे. मग एकदा एका साच्यात पत्रा कुठे फाटेल ते मी आधी सांगितलं, तो बरोबर तिथेच फाटला, आणि त्या दिवसापासून शेठ माझे भक्त झाले. चेष्टा करणारा मालक परवडला पण भक्त नको, हे मी अनुभवाने सांगते.

त्या वर्षी आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ऑइल पॅनचं काम आलं. ऑइल पॅन म्हणजे इंजिनाखाली बसणारं तेलाचं भांडं. एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला चांगलं खोल, आणि कुठेही जोड नाही. एकाच पत्र्यातून, एकाच दाबात ओढून काढायचं. खोल बाजूच्या कोपऱ्यात पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो आणि काळजी त्या कोपऱ्याचीच असते. तिथे केसाएवढी चीर जरी पडली तरी तेल गळणार.

या भांड्याचं मॉडेल मी कॉम्प्युटरवर केलं होतं. धातू बाहेरून सलग दिसतो, पण आतून तो बारीक दाण्यांचा असतो, आणि प्रत्येक दाण्यात अणू रांगा धरून उभे असतात. थोडं ताणलं तर रांगा नुसत्या ताणल्या जातात आणि सोडलं की पूर्ववत होतात. जास्त ताणलं की त्या एकमेकींवरून घसरतात, आणि घसरलेली रांग आपण होऊन जागेवर येत नाही. पत्र्याला आकार येतो तो या घसरण्यामुळेच. त्यातही पोलाद लाटून पत्रा करताना हे दाणे लाटण्याच्या दिशेने कलतात, त्यामुळे कापडाला असतं तसं पत्र्यालाही उभं-आडवं येतं. शिंप्याने उभ्या-आडव्याकडे दुर्लक्ष केलं तर ब्लाउजचं जे होतं तेच पत्र्याचंही होतं, फक्त आवाज मोठा होतो.

माझ्या मॉडेलमध्ये हे उभं-आडवं घेतलेलं होतं. त्यासाठी दसऱ्याच्या आधी पत्र्याच्या पट्ट्या उभ्या, आडव्या आणि तिरप्या कापून, त्या ओढून तोडून बघितल्या होत्या. हिशोब असा निघाला, की पत्र्याची लाटण्याची दिशा भांड्याच्या लांबीला ठेवली तर कोपरा वाचतो. पण कापलेला तुकडा जवळजवळ चौकोनी असतो, नुसतं बघून त्याची दिशा कळत नाही. म्हणून एक पद्धत पाडली. पत्रा कापायच्या मशिनला आम्ही कात्री म्हणतो. कात्रीवर प्रत्येक तुकड्यावर मार्करने बाण काढायचा आणि प्रेसवर तो बाण साच्याच्या लांबीला लावायचा.

मॉडेलचं उत्तर रंगांत येतं. हिरवं म्हणजे सुरक्षित, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे फाटणार. माझं भांडं सगळं हिरवं आलं, कोपऱ्यात जरासं पिवळं. शेठनी त्याची मोठी प्रिंट काढली, प्लास्टिकमध्ये बंद केली आणि मोठ्या प्रेसच्या शेजारच्या भिंतीवर गणपतीच्या तसबिरीला खेटून लावली. रोज सकाळी उदबत्ती ओवाळली जायची ती दोघांनाही. मला तेव्हा हसू यायचं.

या मोठ्या प्रेसवर पहिल्या पाळीला मामा असायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत. पेठच्या बाजूच्या डोंगरातला माणूस, घरी भात आणि नागली, पावसाळा संपला की मजुरीला नाशकात यायचे ते एका वर्षी इथेच राहिले. मी कारखान्यात आले तेव्हा केस पांढरे व्हायला लागलेले होते. त्यांची एक लकब होती. प्रेस वर गेला की तयार भांडं बाहेर काढायचं आणि न बघताच डाव्या हाताने ट्रॉलीत ठेवायचं. तोवर नजर पुढच्या पत्र्यावर. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही बघत का नाही?" तर म्हणाले, "काय बघायचं? चांगलंच आसतं." यात काही फुशारकी नव्हती, ते खरंच होतं.

दिवाळी झाल्यावर ऑइल पॅनचं उत्पादन सुरू झालं, थंडी पडायला लागली, आणि चिरा पडायला लागल्या.

सगळ्या भांड्यांना नाही. एखादं भांडं चांगलं, एखादं खोल कोपऱ्यात चिरलेलं. आणि सगळी चिरलेली भांडी पहिल्या पाळीची, म्हणजे मामांची. दुसऱ्या पाळीत एकही नाही. पत्रा तोच, साचा तोच, प्रेस तोच. गिऱ्हाइकाकडे काही भांडी गेली आणि तिथून ओरड आली. शेठनी साचा घासून बघितला, तेल बदललं, मग त्यांची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली.

एका सकाळी मी स्कूटर लावते न लावते तोच त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याहून गिऱ्हाइकाचा माणूस निघाला होता, दुपारी पोचणार होता.

"मॅडम, कारण सापडलं," शेठ म्हणाले. "मामा कुशन वाढवतात."

कुशन म्हणजे पत्र्याच्या कडा खालून धरून ठेवणारा दाब. तो जास्त झाला तर पत्रा आत सरकत नाही, ताणला जातो आणि फाटतो. आमचा प्रेस जुना, दाबाचा काटा आहे आणि हाताने फिरवायचं चाक आहे. कुणी कधी किती फिरवलं याची नोंद कुठेच होत नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

"तुमच्या चित्रावरून. चित्र हिरवंय का नाही? मग पत्र्याचा दोष नाही, साच्याचा नाही. राहिला कोण? पाहुण्यासमोर चित्र ठेवतो, मामांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवतो, विषय संपला. माणूस चुकतो मॅडम, आता वय झालं त्यांचं."

शेठ वाईट माणूस नाही. मामांच्या मुलीच्या लग्नात ते दोन दिवस मांडव सोडून हलले नव्हते. पण त्या सकाळी ते एका माणसाला त्याच्या जागेवरून उठवणार होते, आणि पुरावा म्हणून माझं चित्र दाखवणार होते. मी म्हटलं, "दुपारपर्यंत कुणालाही काही बोलू नका. मला तपासू द्या."

"तपासा की. पण तुमचं काम चुकत नाही, मला माहितीये."

इतका राग मला कुणाच्या शिव्यांचाही आला नसता.

मी कॉम्प्युटरला बसले आणि आधी शेठचाच आरोप खरा धरला. कुशनचा दाब वाढवला. मॉडेलला आपलं म्हणणं कळवलं की ते आपल्या गतीने चालतं, घाई केली तर ऐकत नाही. बाहेर प्रेसचे ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, आता आणखी एक चिरलं असेल. पहिलं उत्तर आलं. भांडं फाटलं होतं, पण कोपऱ्यात नाही, लांब बाजूच्या भिंतीत. दाब आणखी वाढवला. भिंतीतच, फक्त जास्त. तेल कमी धरलं, घर्षण वाढवलं. पुन्हा भिंत. कोपऱ्याला काही होईना.

म्हणजे मामांनी कुशन वाढवला असता तर चीर दुसरीकडे पडायला हवी होती. मी जवळजवळ धावतच शॉपमध्ये गेले. चहाची सुट्टी होती. मामा प्रेसच्या मागे ड्रमवर एकटेच बसले होते आणि हातातला चहा तसाच होता. शेठनी तोंड बंद ठेवलं असेलही, पण शॉपमध्ये भिंतींनाही कान असतात.

"मामा, तुम्ही कुशन वाढवला नाही," मी म्हटलं. "मी तपासलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाले, "वाढवला व्हता."

"काय?"

"म्याच वाढवला आसंल, ताई. कॉम्प्युटरमधे समदं हिरवं हाय, मग कोन चुकलं? मीच ना. आता लय इचार केला त मला आठावतंय बी. थंडी व्हती, चाक जरा कडक लागलं, म्या जोर लावला. तवाच जास्ती फिरलं आसंल." एरवी ते मला मॅडम म्हणत. "शेठला सांगा, मी आपन व्हऊन पॅकिंगला जातो. पाहुन्यासमोर नका काढू फक्त."

मी त्यांना समजवायला लागले, की दाब वाढला असता तर भिंत फाटली असती, कोपरा नाही. ते मान डोलवत राहिले. लहान मूल रडायचं थांबावं म्हणून आपण त्याच्या हो ला हो करतो, तशी ती मान होती. ते माझी समजूत काढत होते.

सुट्टी संपली. ते उठले, दोन्ही बटणांवर हात ठेवले, प्रेस खाली आला. भांडं बाहेर काढलं आणि ते दोन्ही हातांत धरून, फिरवून फिरवून कोपरे बघायला लागले. या माणसाला भांडं बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

ते भांडं चिरलेलं निघालं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मी ते उचललं आणि दाराशी उजेडात नेलं, मुख्य म्हणजे मला तिथून बाजूला व्हायचं होतं.

दारात बसून मी ते भांडं मांडीवर घेतलं. चीर बघून बघून पाठ झाली होती, म्हणून मी कडेकडे बघितलं. साच्यात दाबताना पत्र्याची कड आत सरकते, सगळीकडून सारखी नाही, कुठे जास्त कुठे कमी, आणि ते पत्र्याच्या उभ्या-आडव्यावर ठरतं. माझ्या चित्रात कड आखूड बाजूने जास्त आत आली होती. मांडीवरच्या भांड्यात ती लांब बाजूने जास्त आली होती. मी दोनदा बघितलं. मग ओढणीच्या टोकाने तेल पुसलं आणि सपाट भाग उन्हात तिरका धरला. पत्र्यावर लाटण्याच्या अगदी बारीक रेघा असतात, तिरप्या उजेडातच दिसतात. रेघा होत्या. मार्करचा बाणही होता. आणि बाण रेघांना आडवा होता.

मी परत धावले ती कॉम्प्युटरकडे. मॉडेलमधलं बाकी सगळं तसंच ठेवून फक्त पत्रा काटकोनात फिरवला. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात शेठ डोकावून गेले, "पाहुणे संगमनेरला पोचले." मी मानही वर केली नाही. मग चित्र आलं, आणि खोल कोपरा लालभडक होता. चीर होती तिथेच.

बाण चुकीचा होता. मामांनी तो सांगितल्याप्रमाणे साच्याच्या लांबीला लावला होता, रोज, न चुकता.

मी कात्रीवर गेले. तिथे दोघं जण असतात, त्यातल्या मोठ्याला विचारलं, "बाण कुठल्या दिशेला काढता?"

"गेटाकडं," तो म्हणाला. "पहिल्यापासून गेटाकडंच काढतो ना."

मी मशिनकडे बघितलं, मग गेटाकडे, आणि मला सगळं आठवलं. आधीच्या उन्हाळ्यात या कात्रीवर एकाच्या बोटाला लागलं होतं. शेठनी ते फार मनाला लावून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी वास्तूवाल्याला आणलं. त्याने सांगितलं, कात्रीवर काम करणाऱ्याचं तोंड पूर्वेला पाहिजे. क्रेन आणून मशीन फिरवलं, पूजा झाली, नारळ फुटला. प्रसादाचा पेढा मीही खाल्ला होता. आधी पत्र्याची लांबी, म्हणजेच लाटण्याची दिशा, कात्रीवर गेटाच्या दिशेने पडायची. आता ती त्याला काटकोनात, कॉम्प्रेसरच्या भिंतीकडे पडत होती. मशीन फिरलं, पत्रा फिरला, पण बाण काढणारा हात गेटाकडेच राहिला. बाण कशासाठी काढायचा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या पाळीचं कोडंही तिथेच सुटलं. संध्याकाळी कात्री बंद असते, म्हणून त्या पाळीला स्टोअरमधले तुकडे द्यायचे, आणि ते दिवाळीच्या आधी कापून ठेवलेले होते. मामांच्या वाट्याला ताजे तुकडे येत. ताजे सगळेच काही चिरायचे नाहीत. पण चिरायचे ते त्यांच्याच हातात.

मी शेठना कात्रीपाशी बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे वास्तू केली म्हणून चिरा पडल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मशीन फिरवलं आणि बाण फिरवला नाही, एवढंच म्हणतेय."

"अहो पण तुमचं चित्र हिरवंय! हिरवं म्हणजे हिरवं! आज म्हणता लाल, उद्या म्हणाल निळं. मी पाहुण्याला काय सांगू?"

"चित्र बरोबर आहे शेठ. चित्रातला पत्रा वेगळा आणि प्रेसमधला वेगळा. उभं कापड मोजलं आणि आडवं शिवलं, तर टेपची काय चूक?"

त्यांनी कात्रीवरचा एक तुकडा उचलून उजेडात तिरका धरून बघितला. मग म्हणाले, "करून दाखवा. पाहुणे यायच्या आत. आणि जमलं नाही, तर माझं मी ठरवीन."

मी ताजे तुकडे मोठ्या प्रेसपाशी आणवले. शेठनी दुसऱ्या पाळीच्या माणसाला फोन लावायला घेतला. मी म्हटलं, "नाही. मामाच चालवतील."

मामा मागे सरकले. "माझ्या हाताला नको, ताई."

"तुमच्याच हाताला."

मी हे मोठ्या आवाजात बोलले, पण आतून माझी खात्री नव्हती. मॉडेल म्हणजे शेवटी मॉडेल. पत्र्याचं उभं-आडवं मी मोजलं होतं ते त्या मोजक्या पट्ट्यांवर. समजा फिरवलेला पत्राही चिरला, तर सगळ्या शॉपसमोर, त्यांच्याच हातून चिरला असता, आणि मग या माणसाला कुणीही, कधीही निर्दोष ठरवू शकलं नसतं. मी त्यांना वाचवतेय की सगळ्यांदेखत बुडवतेय, ते मला माहीत नव्हतं. सगळी मशिनं थांबली होती. कात्रीवरचे दोघंही येऊन उभे राहिले होते.

मी स्वतः तुकडा उचलून साच्यावर ठेवला, बाण आडवा. मामांनी सवयीने तो सरळ करायला हात पुढे केला आणि मी त्यांचा हात धरला.

"असाच राहू द्या," मी म्हटलं.

कुशनचा काटा मी शेठना वाचायला लावला. त्यांनी मोठ्याने वाचला, बरोबर होता. मामांनी दोन्ही बटणांवर हात ठेवले, आणि दाबेनात. मग त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

भांडं बाहेर आलं. मामा हात लावेनात म्हणून मीच काढलं, कोपरा पुसला, आतून बाहेरून बोट फिरवलं. चीर नव्हती. शेठनी माझ्या हातातून घेतलं, उन्हात नेलं, परत आणलं. "अजून एक," म्हणाले. अजून एक, मग अजून. एकामागून एक भांडी ट्रॉलीत जात राहिली, सगळी चांगली. शेवटी मी म्हटलं, "आता बाण पहिल्यासारखा." तीही काही दाबली, आणि त्यातलं एक बारीक कर्र आवाज करून कोपऱ्यात चिरलं. एखादं भांडं चिरल्याचा मला आयुष्यात इतका आनंद झालेला नाही.

शेठनी ते चिरलेलं भांडं हातात घेऊन कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग एकदम वळले आणि कात्रीवाल्यावर ओरडले, "बाण कोण काढतं रे? अं? डोळे कुठे होते?"

माझा तोल गेला. इतक्या वर्षांत मी शॉपमध्ये आवाज चढवला नव्हता. "एकाला सोडलं की लगेच दुसऱ्याला धरायचं का?" मी ओरडले. "बाण कशाचा ते त्याला कुणी सांगितलं होतं? तुम्ही? मी? मशीन फिरवलं तेव्हा आपण दोघं तिथेच उभे होतो, पेढे खात! कुणाला तरी प्रेसवरून काढायचंच असेल तर मला काढा!"

कुणीतरी हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. शेठनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. ते मामांच्या समोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, तुमची काही चूक नव्हती. माझं चुकलं."

मामांनी हात जोडले. "आसू द्या शेठ," म्हणाले.

गिऱ्हाइकाचा माणूस आला, त्याला सगळं दाखवलं, तो चहा पिऊन समाधानाने गेला. कात्री परत फिरवायचा विषय मी काढलाच नाही. ती अजून पूर्वेलाच तोंड करून आहे. फक्त तिच्या टेबलावर शेठनी पिवळ्या रंगाने एक जाडजूड बाण रंगवून घेतलाय, कॉम्प्रेसरच्या भिंतीकडे. वास्तूवाल्याला विचारूनच रंगवला असणार. भिंतीवरचं माझं हिरवं चित्र मी त्याच संध्याकाळी काढून घेतलं. गणपतीशेजारी आता नुसते चार चिकटपट्टीचे डाग आहेत.

मला वाटलं, झालं. घरी जाताना मी सासूबाईंसाठी गरम जिलेबी घेतली, आणि त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "बघ, शेवटी दाबूनच बघावं लागलं ना?" मी पोटभर हसले.

दुसऱ्या दिवशी मी मामांना भेटायला मुद्दाम प्रेसपाशी गेले. म्हटलं, "आता तरी पटलं ना? तुम्ही कुशन वाढवला नव्हता."

ते थोडा वेळ पत्रा पुसत राहिले. "तुम्ही म्हनता त नसंल वाढवला," ते म्हणाले. "पन मला आठावतंय ना, ताई. चाक कडक लागलं व्हतं. हाताला अजून याद हाय त्याची."

"मामा, तसं झालंच नाही."

"हां," ते म्हणाले. "नसंल झालं."

त्यानंतर एकही चीर पडलेली नाही. पण मामा आता प्रत्येक भांडं दोन्ही हातांत धरून बघतात. आधी खोल कोपरा, मग बाकीचे, मग परत खोल कोपरा. त्यामुळे त्यांचं काम हळू झालंय, आणि शेठ त्यांना काहीच बोलत नाहीत, हेही त्यांना कळतं. रोज सकाळी पाळीचं पहिलं भांडं घेऊन ते माझ्या केबिनच्या दारात येतात. "मॅडम, जरा बघून घ्या." मी बघते, चांगलं आहे म्हणते, ते जातात.

मध्यंतरी एकदा मी ठरवलं, आज बघायचं नाही. ते आले तेव्हा मी हात मागे घेतले आणि म्हटलं, "आज तुम्ही सांगा, मामा. कसं आहे?"

त्यांनी भांडं फिरवलं. कोपऱ्यावरून अंगठा नेला, परत आणला, खिडकीच्या उजेडात धरलं. भांडं अगदी चांगलं होतं, मला माझ्या खुर्चीतून दिसत होतं. मी वाट बघत राहिले. बाहेर प्रेस नुसताच घुमत होता.

"सांगा ना," मी म्हटलं.

त्यांची नजर भांड्यावरून हळूच माझ्या कॉम्प्युटरकडे गेली, जो अजून सुरूही केलेला नव्हता.

"चित्रात कोनता रंग हाय, ताई?" त्यांनी विचारलं.